काचेतला चाकू

पेरू कापताना माझा घडीचा स्वस्त चाकू अचानक मिटला आणि बोटावरच बसला, म्हणून मी शनिवार पेठेतल्या एका दुकानात नवा घ्यायला गेलो. दुकानदार साठीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. काचेच्या कपाटातून त्यांनी एक चांगला चाकू काढला आणि दोनदा उघडून-मिटून दाखवला.

"खटका दाबल्याशिवाय मिटणार नाही. बोटं शाबूत राहतील."

मग खोक्यावरची सुतळी कापायला त्यांनी गल्ल्याशेजारचा स्वतःचा चाकू उचलला. तो माझ्या जुन्यासारखाच, खिळखिळा. त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती.

"अहो, मग तुम्ही हा चांगला का नाही वापरत?"

"तो विकायचा आहे," ते म्हणाले, जणू मलाच कळत नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. मी दोन चाकू घेतले आणि एक त्यांच्यासमोर ठेवला. "हा तुमचा. वापरा." त्यांनी तो फडक्यानं पुसून खिशात टाकला.

आठवड्याने जाता-जाता डोकावलो. अंगठ्यावर नवी पट्टी आणि हातात तोच खिळखिळा चाकू.

"मी दिलेला कुठे गेला?"

"गिऱ्हाईक आलं. काचेतले संपले होते. नाही कसं म्हणायचं?"

रस्ताभर चरफडत घरी आलो आणि पेरू कापायला घेतला.

"नवा चाकू कुठाय?" बायकोनं विचारलं.

नवा कपाटात होता, खोक्यासकट. चांगला आहे म्हणून मी तो जपून ठेवला होता.