अभिनंदनाच्या फळ्यावर म्हात्रे सर

सर गेले आणि शाळेने त्यांचं अभिनंदन केलं.

कालपासून हे लिहायचं टाळतोय. टाइप करतो, खोडतो, रील्स बघत बसतो. आत्ता शाळेच्या गेटबाहेर कट्ट्यावर बसलोय, आत कार्यक्रम चालू आहे, मला आत बसवत नाही. तर लिहूनच टाकतो.

म्हात्रे सर म्हणजे आमचे ड्रॉइंगचे सर. कळव्याचेच, गावठाणातले. परवा दुपारी जेवून आडवे झाले. काकू चहाला उठवायला गेल्या तर अंग गार.

आमच्या शाळेच्या गेटपाशी एक फळा आहे. वर ऑइलपेंटने कायमचं लिहिलेलं, 'हार्दिक अभिनंदन'. खाली सर रोज सकाळी रंगीत खडूने लिहायचे.

स्कॉलरशिपवाले, खो-खोवाले तर असायचेच. पण सरांना तेवढ्याने भागायचं नाही.

'सफाईच्या लता मावशी सही करायला शिकल्या.'

'भूगोलाच्या मॅडमना स्कूटरचं लायसन मिळालं. तिसऱ्या खेपेला.'

मॅडम भडकलेल्या. "सर, तिसऱ्या खेपेला हे कशाला लिहिलंत?"

"अहो, कौतुक त्याचंच आहे ना!"

मी दहावीला गणितात उडालेलो. फेरपरीक्षेत निघालो, तर दुसऱ्या दिवशी माझं नाव फळ्यावर. फेरपरीक्षेसकट. मी म्हटलं, सर पुसा ना, पोरं हसतात.

"लाजतोस काय रे भटक्या? पहिल्या फटक्यात पास होणाऱ्यांना सवय असते. तुला मेहनत पडली."

पप्पा संध्याकाळी त्या फळ्यासमोर उभे राहून फोटो काढून आले. वडापाववाल्याला काढायला लावलेला, अर्धा फळा आणि पप्पांचा एक कान एवढंच आलंय त्यात. ते जाऊ दे.

काल सकाळी शाळेने सुट्टी दिली. का दिली ते गेटवर लिहायला हवं. शिपाई सावंत मामांनी खडू घेतला आणि त्याच फळ्यावर लिहिलं.

हार्दिक अभिनंदन
म्हात्रे सर यांचे दुःखद निधन
शाळेला सुट्टी

कोणीतरी फोटो काढला. दुपारपर्यंत ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्या ग्रुपवर. हसून हसून रडणारे इमोजी. वागळे इस्टेटच्या ज्या गोडाऊनमध्ये मी होतो, तिथल्या एकाने मलाच पाठवला. 'भाई, ये तेरे कळवे का है ना?'

(ते गोडाऊन मी सोडलं. त्याआधी शहाडला गॅरेजला होतो, ते पण सोडलं. ती स्टोरी वेगळी आहे.)

मामांना शोधत गेलो, भांडायलाच गेलेलो. मामा पाण्याच्या टाकीमागे बसलेले.

"वरचं मी वाचलंच नाही रे. ते रोज असतंच ना. असतंच म्हणून दिसलंच नाही."

मी त्यांच्या शेजारीच टेकलो.

आता मेन गोष्ट. आज शाळेचा गुणगौरव आहे. दरवर्षी पोरांचा आणि स्टाफमधल्या एकाचा सत्कार होतो. यंदा सरांचा होता.

इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिली, स्वतःचं कधी नाही. मागच्या आठवड्यात मला फोन करून विचारत होते, "येशील ना रे? मी नवीन शर्ट घेतलाय, काकू म्हणते म्हातारपणी नवरदेव झालात."

काल तोच शर्ट काकूंनी त्यांना घालायला लावला. घडीच्या रेघा तशाच होत्या. तसेच नेले.

आज सकाळी मी मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसना भेटलो. म्हटलं, सरांचा सत्कार ठेवा. शोकसभा नको, दोन मिनिटं शांतता नको. सत्कार. टाळ्या वाजवून.

बाई वाईट नाहीत. डोळे सुजलेले त्यांचे. म्हणाल्या, "अरे, मुलांच्या आनंदाचा दिवस आहे. पाहुणे येणार, पालक येणार. आणि कालच्या त्या फोटोनंतर, त्यांच्या घरच्यांना न विचारता मी पुन्हा त्यांचं नाव अभिनंदनात कसं घेऊ? घरचं कुणी स्वीकारायला आलं, तर मी स्वतः पुकारीन."

"बाई, त्यांना सुतक आहे. घरचं कोण येणार?"

"तेच म्हणते मी. शोकसभा घेऊ आपण पुढच्या आठवड्यात."

तिथून थेट काकूंकडे गेलो. मूलबाळ नाही त्यांना, घरचं माणूस म्हणजे त्याच. काकू ओटीवर बसलेल्या. तो फोटो त्यांच्यापर्यंत पोचलेला, भाच्याच्या मोबाइलवर.

"जल्मभर शाला शाला केली त्यांनी. आयतवारी पन शाला. आन शालंनी काय केला? अभिनंदन?"

मी सांगितलं, मामांची चूक झाली काकू. सत्काराचं पण सांगितलं.

"सुतकाची बाई मी, हार घ्याला जाव? लोकं थुकतील माज्यावर. तू जा. शालंला सांग, माज्या दारान कोनी येवाचा नाय."

निघालो. चप्पल घालताना मागे वळून बघायची पण हिंमत नव्हती.

तर आता आत नावं पुकारतायत. स्पीकर बाहेरपर्यंत ऐकू येतोय. चित्रकलेचं बक्षीस आठवीतल्या एका पोरीला मिळालं. सरांच्याच हाताखाली शिकलेली पोरगी ती. टाळ्या जोरात वाजल्या. तिला शिकवलं कोणी, ते कोणी बोललं नाही.

पोरं संपली की स्टाफ. यंदा स्टाफमधलं नाव घेणारच नाहीयेत.

राग कोणावर काढू तेच कळत नाहीये. मामांवर नाही, बाईंवर नाही, काकूंवर तर नाहीच.

सर, तुम्ही आमच्या फालतू फालतू गोष्टींचं पण कौतुक केलंत. तुमच्या नावाला आज एक टाळी मिळत नाहीये. मी इथेच बाहेर बसून वाजवतो. नीट जा सर.

एक मिनिट.

गेटवर रिक्षा थांबलीय. पांढऱ्या लुगड्यात कोणीतरी उतरतंय.

काकू आहेत. म्हात्रे काकू. एकट्याच आल्यात.

मला विचारतायत, "हार कुठं देतात रं?"