रेघेच्या आतलं दगडफूल

फाटकाजवळच्या आंब्याच्या खोडावर दगडफुलाचा राखाडी ठिपका आहे. मला दगडफूल ठाऊक होतं ते गोड्या मसाल्यापुरतं. माझी लेक मुक्ता मात्र त्याचाच अभ्यास करते. हवा बिघडली की ते आक्रसतं, म्हणते. गेल्या वर्षी तिने ठिपक्याच्या कडेने पांढरी रेघ ओढली होती. आज फाटक लावताना पाहिलं, तर तो रेघेपासून बोटभर आत सरकलेला.

मुक्ता पायरीवर बसून पुन्हा मेल बघत होती. "आई, फेलोशिपचं अजून काहीच नाही गं."

"येईल."

नाहीच आली, तर ती पुढच्या वर्षी परत अर्ज करेल. पण दगडफुलाला थांब म्हणून कुणी सांगायचं?

"ठिपका कसा आहे?"

मी खोडाला पाठ लावून उभी राहिले. "आहे तसाच."