चाटणाला काय म्हणायचं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी गाडी चालवताना कुणाला शिवी हासडली तेही सांगते. तुम्हाला का सांगतेय, तेही मला धड कळत नाही.

मी अमेरिकेतल्या कॅरी गावात राहते, इथल्या एका विद्यापीठात फार्मसीच्या एमएस-पीएचडीच्या मुलांना शिकवते. विषय — नवीन काही शोधावं कसं. शिकवून येतं का हे? देव जाणे. पण पहिल्याच तासाला मी ठणकावून सांगते, की इथे कुठलीच कल्पना खुळी नसते. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

मृण्मयी त्या वर्गात होती. सांगलीची, हुशार, इंग्रजीत अडखळणारी. आमच्याकडे दोनदा जेवून गेली होती, घरी मला मावशी म्हणायची. त्या दिवशी विषय होता लहान मुलांची कडू औषधं. सिरप मुलं थुंकून टाकतात. ती उठून सांगू लागली, की औषध मधासारखं दाट करायचं, थोडं थोडं चाटवायचं — आणि शब्दाला अडली. माझ्याकडे बघून मराठीतच म्हणाली, "मावशी, चाटणाला काय म्हणायचं?"

मागे विभागप्रमुख बसले होते, माझं शिकवणं बघायला आलेले. आणि मी — कशी कोण जाणे — हसून इंग्रजीत म्हणाले, की 'चाटण' हा शब्दच मला माहीत नाही.

माहीत नाही? आईने बोटाने सुंठ-मधाचं चाटण भरवलेली मी! मग लाज कशाची वाटली — त्या 'मावशी'ची? तिच्या इंग्रजीची, की माझ्याच? विभागप्रमुख काही वाघ नव्हते. मी अजून चाचपडतेच आहे.

मृण्मयी खाली बसली. ती कल्पना तिने सोडूनच दिली.

पुढच्या वर्षी एका अमेरिकन मुलीने नेमकं तेच मांडलं. पीनट बटर खाताना सुचलं, म्हणाली. मी तोंडभरून कौतुक केलं. तिला विभागाचं बक्षीस मिळालं, तेव्हा मृण्मयी समोरच टाळ्या वाजवत होती. तेव्हा तरी मी बोलायचं ना? नाही बोलले.

नंतर तिला गाठून म्हटलं, रविवारी जेवायला ये. ती हसली, इंग्रजीत आभार मानले, काम आहे म्हणाली. तिथून पुढे ती माझ्याशी इंग्रजीतच बोलली — शेवटी शेवटी अगदी अस्खलित.

मला तो शब्द येत होता, हे मी तिला कधीच सांगितलं नाही. पण तिला ते त्याच क्षणी कळलं होतं.