बाटल्या पाडायच्या खेळाची प्रत

वारसा जतन करणं हे प्रत्येक पिढीचं पवित्र कर्तव्य आहे, आणि जी पिढी ते विसरते तिला इतिहास क्षमा करत नाही. हे वाक्य माझं नाही. आमच्या वाचनालयात जुनी पुस्तकं संगणकात उतरवायचं यंत्र आलं, तेव्हा प्रमुख पाहुणे हे बोलले. मी ग्रंथपाल या नात्याने त्यांच्या शेजारी काडेपेटी घेऊन उभा होतो, कारण दारातून वारा येत होता आणि समई सारखी विझत होती. यंत्राला हार घातला होता. हार सुकला तरी यंत्र सुरू झालं नाही, पुढेही झालं नाही. त्या पावसाळ्यात पुस्तकांना नेहमीसारखी बुरशी आली.

तेव्हा मला क्षमा करायची की नाही ते इतिहासाने बघावं. मी जन्मात एकच गोष्ट नीट जतन केली आहे: टीव्हीसमोर प्लास्टिकचा दांडा हलवून बाटल्या पाडायचा एक जुना खेळ.

हे खेळाचं यंत्र माझा थोरला भाऊ मस्कतहून घेऊन आला होता, चतुर्थीला. त्या वर्षी घर भरलेलं होतं. गणपतीच्या खोलीला लागूनच टीव्ही, त्यामुळे आरती संपली की त्याच सतरंजीवर खेळ सुरू. दांडा हातात धरून हात फिरवला की पडद्यावरचा माणूसही हात फिरवतो, चेंडू घरंगळत जातो आणि कडेच्या गटारात गेला नाही तर टोकाला उभ्या केलेल्या लाकडी बाटल्या पडतात. टेनिस होतं, मुष्टियुद्ध होतं, गोल्फ होतं. आमच्या घरात चालल्या त्या बाटल्या.

आमचे काका कुठलीही नवी वस्तू देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय वापरू देत नसत. पंप बसवला तेव्हा घातलं होतं, मिक्सर आणला तेव्हाही. त्यांनी टीव्हीपुढे नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या जा काय मशीन तुझ्या लेकरान मस्कतातसून हाडल्यान, ता नीट चलू दी, कोणाचो हातपाय मोडू नको, आणि कोणाची वाकडी नजर आसात तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सगळ्यात मोठ्याने भाऊ ओरडला. मस्कतला तो एका कंपनीत सुरक्षेच्या नियमांवर भाषणं देत असे.

त्या खेळात प्रत्येकाला आपला एक बाहुला बनवून घ्यावा लागतो. केस, नाक, डोळे निवडायचे. आईचा बाहुला भावाने बनवला: गोल चेहरा, मागे अंबाडा. आई पाटावर बसून नारळ खवत होती. तिने मान वर करून बघितलं.

"माजा कपाळ उघडा कित्याक?"

खेळ बनवणाऱ्यांनी कुंकवाची सोय केलेली नव्हती. तीळ मात्र होता, गालावर लावायला. भावाने तो तीळ ढकलत ढकलत दोन भुवयांच्या मध्ये आणला आणि जमेल तेवढा मोठा केला. काळा होता, पण आईने चालवून घेतला.

मग ती खेळली. भाऊ बाटल्या पाडायचा तो चार पावलं धावत येऊन, गुडघा वाकवून, तोंडाने हुंकार देऊन. आई पाटावरून उठलीसुद्धा नाही. कोंबड्यांना दाणे टाकताना मनगट फिरवतात तसं तिने बसल्या बसल्या मनगट फिरवलं. सगळ्या बाटल्या पडल्या. परत फिरवलं, परत पडल्या.

"आये, उठान खेळ गो. असा बसान नाय चलणा."

"तुजो उभ्यान गेलो गटारात," आई म्हणाली. "माजो बसान गेलो तो बरोबर गेलो." आणि दांडा त्याच्याकडे देऊन ती पुन्हा खवायला लागली.

विसर्जनापर्यंत तिला कोणी हरवलं नाही. पुढची काही वर्षं चतुर्थीला यंत्र बाहेर निघायचं, आई पाटावर बसायची आणि सगळे हरायचे. मग काका गेले, त्यांच्यामागून बाबा गेले, आणि भाऊ दर वर्षी फोनवर "ह्या वर्षी जमता काय बघतंय" असं म्हणायला लागला. यंत्र कोणी काढलं नाही.

ते नीट राहावं म्हणून आईने काय केलं, ते मला फार नंतर कळलं. आमच्याकडे पावसात कशालाही बुरा येतो. चपलांना येतो, चष्म्याच्या घरालाही येतो. त्यामुळे जी वस्तू दमट होता कामा नये ती चुलीच्या वर टांगलेल्या बांबूच्या मांडणीवर जाते: बियाणं, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, कोकमाची सोलं, फणसाचे पापड. पिढ्यानपिढ्या कोरडं राहिलेलं घरातलं ते एकमेव ठिकाण. आईने यंत्र, दांडे आणि खेळाची तबकडी धोतराच्या फडक्यात बांधून तिथे ठेवली होती. बुरा अजिबात आला नाही. कित्येक वर्षांचा धूर मात्र आत गेला.

गेल्या वर्षी आईला झटका आला. बोलणं वाचलं, उजवा हात गेला. कुडाळहून व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाई येऊ लागल्या. तरुण, सरळ बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाहेर बोलावलं.

"सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात," त्या म्हणाल्या. "या काळात हात जेवढा परत येईल तेवढाच. नंतर फारशी अपेक्षा ठेवू नका. पण त्यांनी स्वतः प्रयत्न करायला हवा."

आई प्रयत्न करत नव्हती. तिच्या हातात दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. तो ती मांडीवर ठेवून बसायची.

"आये, दाब गो जरा."

"कित्याक? तेतूर रस आसा?"

"त्यांच्या आवडीचं काहीतरी हातात द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. आईच्या आवडीचं म्हणजे नारळ खवणं, आणि त्याला दोन्ही हात लागतात. मग मला बाटल्या आठवल्या. तो खेळ मनगटाचा होता, तेही उजव्या. आणि घरात तिला ज्याबद्दल शेखी मिरवताना मी ऐकलं होतं अशी ती एकच गोष्ट होती.

फडकं सोडलं तेव्हा सुंगटांचा वास आला आणि यंत्र तपकिरी निघालं. तबकडी पुसली, पण यंत्राच्या आतलं भिंग धुराने काळवंडलं होतं. चालू केलं की आत जातं दळल्यासारखा आवाज व्हायचा. दहादा लावलं की एकदा खेळ उघडायचा आणि मध्येच बंद पडायचा. हे यंत्र आता जाणार हे माझ्यासारख्या माणसालाही कळत होतं. जाण्याआधी खेळाची प्रत काढून घ्यायची आणि संगणकावर तोच खेळ चालवायचा, असं मी ठरवलं. ते कसं करायचं हे जगभरच्या अनोळखी लोकांनी इंटरनेटवर लिहून ठेवलेलं आहे, आणि ते एकमेकांशी ज्या आवेशाने भांडतात तो मी फक्त पाठभेदांच्या चर्चेत पाहिला होता.

प्रत काढताना यंत्राने दुपारभर दळण दळलं. शेवटचा भाग उतरला आणि थोड्याच वेळात हिरवा दिवा जाऊन तांबडा लागला, तो पुन्हा हिरवा झाला नाही. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. प्रत माझ्याकडे होती. मी ती पेनड्राइव्हवर घेतली, संगणकात ठेवली आणि आणखी एका ठिकाणी ठेवली. आमच्या वाचनालयातल्या एकाही ग्रंथाच्या वाट्याला एवढी काळजी आलेली नाही.

संगणक टीव्हीला जोडून खेळ उघडला. संगीत तेच, रंग तेच, बाटल्याही त्याच. खेळाडूंच्या ठिकाणी मात्र कोणीच नव्हतं. आई नाही, काका नाहीत, बाबा नाहीत. ओळख नसलेले चार बाहुले होते, आणि प्रत्येकाच्या खाली "पाहुणा" अशा अर्थाचा इंग्रजी शब्द.

मी भावाला फोन लावला.

"खेळ इलो, माणसा येवक नाय."

"अरे, माणसा वेगळी आसतत. ती मशीनीच्या पोटात. तबकडीत खेळ फक्त."

"ह्या आदी सांगूक होया होता."

"तू आदी इचारलंस?" तो म्हणाला. "मशीन लाव परत."

"मशीन मेली."

"आयेचो हात कसो आसा?"

"तेच्यासाठीच चल्लला."

"बघतंय, चतुर्थीक जमता काय," तो म्हणाला.

दुसरी अडचण टीव्हीखाली ठेवायच्या पट्टीची होती. दांडा कुठे रोखला आहे हे त्या पट्टीच्या दोन टोकांच्या अदृश्य उजेडावरून कळतं, आणि तिची वायर उंदराने खाल्ली होती. अनोळखी लोकांचं याबाबत आश्चर्यकारक एकमत होतं: पट्टी नसेल तर दोन मेणबत्त्या लावा, चालतं. मेणबत्त्या नव्हत्या. मी देवातली दोन निरांजनं घेतली, टीव्हीखाली एका रेषेत ठेवली आणि लावली. दारातून वारा येत होता म्हणून ते लोटलं. काडेपेटीचा मला सराव होताच.

आईला खुर्चीत बसवून आणलं. डॉक्टरबाईही त्या दिवशी मुद्दाम थांबल्या होत्या. आईने निरांजनांकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं.

"आता तू मशीनीची आरती करूक लागलंस?"

"बाटल्यो, आये. आठवतत मां?"

"आठवतत. तुमी सगळे हरललास."

डॉक्टरबाई हसल्या. मला वाटलं, होईल.

मी तिचा बाहुला तिच्यासमोरच पुन्हा बनवला. गोल चेहरा, मागे अंबाडा. केस या वेळी पांढरे केले. मग तीळ घेतला आणि भावाने ढकलला होता तसा ढकलत भुवयांच्या मध्ये आणला. ती बघत होती.

"ता काढ आता," ती म्हणाली.

मी तीळ काढला. जुन्या यंत्रात तो शेवटपर्यंत असणार, कारण बाबा गेल्यावर तिचा बाहुला कोणी बदललाच नव्हता.

दांड्याचा पट्टा तिच्या उजव्या मनगटात अडकवला. डॉक्टरबाईंनी तिची बोटं दांड्याभोवती एकेक करून मिटवली आणि हात सोडला. पडद्यावर तिचा बाहुला चेंडू घेऊन उभा राहिला. त्या खेळात बाहुले नुसते उभे असले तरी थोडे डुलतात, श्वास घेतल्यासारखे. तो डुलत होता. समोर दहा बाटल्या होत्या.

"आता फिरवा, काकी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थोडंसं. मनगटच फक्त."

आईने फिरवलं. म्हणजे तिने फिरवायचं ठरवलं हे तिच्या मानेवर दिसलं, खांद्यावर दिसलं, ओठ मिटले त्यात दिसलं. कोपराच्या खाली काही गेलं नाही. पुन्हा तेच. मऊ चेंडूच्या वेळी तिने हे कधी केलं नव्हतं. तिने या महिन्यांत मनापासून केलेला तो पहिला प्रयत्न होता, आणि तेवढ्यावरून डॉक्टरबाईंना जे कळायचं ते कळलं असावं. त्या लिहून घेत होत्या, ते त्यांनी थांबवलं.

"डाव्यान टाकू?" आईने विचारलं.

"टाका ना," डॉक्टरबाई म्हणाल्या. इतके दिवस त्या डावा हात वापरू देत नव्हत्या.

आईने डावा हात उचलला, थोडा वेळ बघितला आणि परत मांडीवर ठेवला. पडद्यावरचा बाहुला डुलत होता.

"किती वेळ उभी करून ठेवतलंस तिका?" ती म्हणाली.

मी खेळ बंद करायला उठलो नाही. का ते माहीत नाही. डॉक्टरबाई बस गाठायला निघाल्या, त्यांना दारापर्यंत सोडून आलो. त्या जाताना दार उघडलं तेव्हा एक निरांजन विझलं. परत आलो तेव्हा आईला बसल्या जागी डोळा लागला होता. दांडा मनगटाला लटकत होता. तो हळूच सोडवला.

प्रत उत्तम उतरली आहे, याबद्दल शंका नको. फार वेळ चालू राहिल्यावर मूळ खेळ एक सूचना दाखवायचा, तीसुद्धा जशीच्या तशी आली. टीव्हीवर वाऱ्याने हलणाऱ्या पडद्यांची एक खिडकी दिसली. तिच्याखाली लिहिलं होतं की तुम्ही बराच वेळ खेळलात, आता विश्रांती घ्या आणि खिडकी उघडा.

खिडकी उघडीच होती.