खालचे सत्तेचाळीस दिवस

कोळशाच्या खाणीत ओव्हरमनच्या परीक्षेला बसायचं तर माझ्यासारख्या डिप्लोमावालीला तीन कागद लागत होते. एक प्रथमोपचाराचा, एक हवेतला वायू तपासता येतो याचा, आणि एक जमिनीखाली वर्षभर काम केल्याचा. पहिले दोन मी पाठोपाठ काढले. अमरावतीच्या प्रथमोपचाराच्या वर्गात एका लठ्ठ मास्तरांना पट्ट्या बांधून बांधून मी त्यांचं पार गाठोडं करून टाकलं होतं, तरी पास झाले. हवेत वायू असला की दिव्याच्या ज्योतीवर निळसर टोपी चढते, परीक्षेत ती किती उंच आहे ते अंधारात बघून सांगायचं असतं. तेही न चुकता सांगितलं. घात झाला तो तिसऱ्या कागदाशी, आणि तो माझ्यावर जीव टाकणाऱ्या माणसांनी केला. परक्यानं केला असता तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

ओव्हरमन म्हणजे एका पाळीपुरता खाणीच्या एका भागाचा मुखत्यार. आत जागा धड आहे का, हवा ठीक आहे का, हे आधी त्यानं बघायचं, आणि मग त्याच्या शब्दावर बाकीची माणसं आत जायची. मला ते व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं.

आमचं गाव वरूडच्या जवळच, घरी संत्र्याची बाग, आणि मी आईबापाला एकुलती एक. मायनिंगचा डिप्लोमा करते म्हटल्यावर मामानं कपाळाला हात लावला होता. बाईमाणसाला खाणीत खाली काम करायची परवानगीच नव्हती, कायदा बदलला तो अलीकडे, त्यामुळे मामाचं काही चुकत नव्हतं. पण बाबा माझ्या बाजूनं उभे राहिले. मंडीत, पानठेल्यावर, सोयऱ्यांच्या लग्नात, जिथं दोन माणसं दिसतील तिथं सुरू व्हायचे की आपली पोरगी कोयशाच्या खदानीत उतरून राहिली. माझी छाती फुगायची. बापानं असं मिरवावं, आणखी काय पाहिजे?

माझं प्रशिक्षण लागलं ते सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या एका खाणीत. आम्ही तिघी मुली होतो. आमच्यावर जो ओव्हरमन होता तो निघाला पातूरकडचा, म्हणजे आपल्या वऱ्हाडातला. सगळीकडे हिंदी चाललेली, त्यात हा माणूस पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘काहून व पोरी, जेवली का?’ मी त्याच दिवसापासून त्यांना काका म्हणायला लागले. काकूंच्या हातचं पिठलं खाल्लं, त्यांच्या नातवाला खेळवलं.

पहिला दीड महिना मी खाली गेले. सकाळी लॅम्प रूममध्ये टोपीवरचा दिवा घ्यायचा, रजिस्टरात नाव लागायचं, आणि उतारावरून चालत आत. काका हातातल्या काठीनं छताला ठोकत पुढे चालायचे. छत घट्ट असलं की खणखणीत आवाज येतो, सुटलेलं असलं की ढप्प असा पोकळ. पहिल्यांदा तो पोकळ आवाज ऐकला तेव्हा काकांनी मला दंडाला धरून मागं ओढलं होतं.

आणि मी काय शहाणपणा केला, तर घरी गेल्यावर ताटावर बसून ही गोष्ट बाबांना रंगवून रंगवून सांगितली. पिचलेल्या मडक्यासारखा आवाज येतो म्हणून ताटाशेजारी जमिनीवर ठोकून दाखवलं. आई हसत होती. बाबांनी अर्धी भाकर तशीच ठेवून हात धुतला. पोट बरं नसेल म्हणून मी सोडून दिलं.

त्यानंतर पंधरा दिवसांत काकांनी मला वर बोलावलं. माझं अक्षर चांगलं आहे, नकाशे आणि अहवाल नीट लिहिणारं कोणी नाही, काही दिवस ऑफिसात बस, म्हणाले. मला बाई भारी वाटलं. काही दिवसांचे महिने झाले. त्या दोघी रोज खाली जायच्या, नखांत काळं घेऊन वर यायच्या, आणि मी पट्टी-पेन्सिल घेऊन पंख्याखाली. मधूनमधून एखादा फेरा खाली व्हायचा, तेवढाच. मी दोनदा विचारलं की काका, खालचे दिवस मोजतात, माझे कसे व्हायचे? दोन्ही वेळा ते म्हणाले, ‘सही कराले मी बसलो ना.’ माझ्या डायरीवर ते दर आठवड्याला सही करतच होते. माणूस आपला, बोली आपली. शंका कशाला घ्यायची?

शिवाय दर वेळी गावाहून येताना मी त्यांच्यासाठी संत्र्याची पेटी आणायची. बाबाच भरून द्यायचे, वरची फळं स्वतः निवडून. आमच्याकडे संत्री कोणालाही देतात, पोस्टमनपासून तहसीलदारापर्यंत, त्यामुळे मला त्यात काही वाटलं नाही. दोन बस बदलून ती पेटी मी मांडीवर घेऊन यायची.

वर्ष भरलं. मॅनेजरसाहेबांनी अनुभवाचं पत्र द्यायचं असतं. ते कडक माणूस. त्यांनी डायरीकडे बघितलंही नाही, लॅम्प रूमचं रजिस्टर मागवलं. ज्या दिवशी दिवा घेतला तो दिवस खालचा, बाकी वरचे. त्या दोघींची पत्रं झाली. माझ्या पत्रावर लिहून आलं, जमिनीखाली सत्तेचाळीस दिवस. मी म्हटलं, साहेब, चूक आहे. त्यांनी रजिस्टर माझ्यासमोर फिरवलं आणि म्हणाले, मोजून घे. मी मोजलं. सत्तेचाळीसच होते.

त्या दोघी परीक्षेचा अर्ज भरायला गेल्या आणि मी तशीच काकांच्या क्वार्टरवर गेले. चप्पलही काढली नाही, दारातच उभी राहिले. काकूंनी चहा टाकते म्हटलं, तर मी नको म्हणून ओरडले. काका खाली मान घालून बसले होते. मी जे काही बोलले त्यातलं निम्मं आता आठवायचीही लाज वाटते. ते सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले,

‘तुहा बाप आलता, पोरी. माह्यापेक्षा वयानं मोठा माणूस, अन् माह्या पायाले हात लावला त्यानं. म्हणे, तिले काही सांगू नका, ते आयकत नाही. फक्त खाली पाठवू नका.’

मग तारीख सांगितली. त्या दिवशी बाबा पांढुर्ण्याला बाजारात जातो म्हणून घरून निघाले होते. मीच फोनवर त्यांना सांगितलं होतं की दुपारचं ऊन आहे, टोपी घाला.

काकांचा राग आला, नाही असं नाही. पण ते परके. वर्षभर मी ज्या पेट्या मांडीवर घेऊन आले त्या कशाच्या होत्या हे आता कळलं. माझ्याच हातानं माझ्या वर्षावर पाणी सोडायला लावलं होतं बापानं.

दुसऱ्या दिवशी घरी गेले. बाबा बागेत झाडांना आळी करत होते. मी पत्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, घडी केली, आणि नाही म्हणाले नाहीत. लपवलंही नाही. मी म्हटलं, तुम्ही मला फसवलं. गावभर माझी खदान मिरवली, आणि मागून माझे पाय बांधले. तर शांतपणे म्हणाले, ‘याले फसवणं नाही म्हणत, बाई. याले कायजी म्हणतेत.’

आई विहिरीजवळ उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं, हे तिच्या पदराच्या चाळ्यावरूनच कळलं.

इथवर एक वेळ मी गिळलं असतं. बाप आहे, भ्याला. पण ते पुढे म्हणाले की तू रडू नको, मी पुन्हा जातो त्या पातूरवाल्याकडे, लॅम्प रूमच्या बाबूलेही भेटतो, रजिस्टरात तुझे दिवस चढवून घेऊ. आपलाच माणूस आहे, कागदच पाहिजे ना? इतक्या सहज म्हणाले, जणू सातबाऱ्यावर नाव चढवायचं आहे. त्या कागदाच्या भरवशावर उद्या वीस माणसं माझ्यामागं छताखाली येतील, आणि मला खणखणीत कोणतं, पोकळ कोणतं हेच कळणार नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मी मरू नये म्हणून बाबा दुसऱ्यांना मारायची व्यवस्था करत होते, आणि वर मला डोळे पुस म्हणत होते. मी न जेवता परत निघाले.

सगळं नव्यानं. दुसऱ्या जिल्ह्यात दुसरी खाण, नवा अर्ज, नवी वैद्यकीय तपासणी, पुन्हा पहिल्या दिवसापासून. त्या दोघी तोवर ओव्हरमन झाल्या होत्या. बाबांना मी सांगितलं की इथंही ऑफिसातच आहे, नकाशे काढते, खालचे दिवस कागदावर चढवून देतात. खरं सांगितलं असतं तर त्यांनी इथंही येऊन कोणाचे तरी पाय धरले असते. पाळी सुटली की साडेचारला त्यांचा फोन यायचा. मी तोंडातली कोळशाची चुरचुर थुंकून टाकायची आणि म्हणायची, हो बाबा, आज पंखा बंद होता, उकडलं फार. ते खूश व्हायचे. सवयच होऊन गेली.

या खेपेला काठी माझ्या हातात होती. सुरुवातीला मला काही कळायचं नाही, सगळे आवाज सारखेच. मग एका सकाळी ठोकता ठोकता मीच थांबले. मागं सहा जण होते, त्यांना म्हटलं, मागं व्हा. त्यातला एक म्हातारा खाणकामगार पुढे आला, त्यानं स्वतः ठोकून बघितलं आणि मान हलवली. लाकडाचे टेकू लावेपर्यंत कोणी तिकडे गेलं नाही. घडलं काहीच नाही. पण त्या दिवशी साडेचारला बाबांचा फोन आला तेव्हा मला त्यांनाच सगळ्यात आधी सांगावंसं वाटलं, आणि सांगता आलं नाही. जीव तुटला माझा.

वर्ष भरलं, पत्र मिळालं, परीक्षा झाली, सर्टिफिकेट आलं. ते घेऊन मी गावी गेले. भांडण जुनं झालं होतं, मलाही वाटलं, चला, आता गोड करू. बाबांनी पेढे आणले. अंगणात शेजारपाजारची माणसं जमली, मामाही आला. बाबांनी सर्टिफिकेट सगळ्यांच्या हातात फिरवलं, आणि मामाला म्हणाले, ‘पाय. या खेपेले एक दिवस खाली न जाता काढलं पोरीनं. पयल्या खदानीत मी आडवा झालो म्हणून, नाही तं हे खालीच मेली असती.’

मामानं मान डोलावली. लोक बाबांकडे कौतुकानं बघत होते. माझं वर्ष, ती काठी, तो म्हातारा, सगळं एका वाक्यात पुसून त्यावर बाबांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. मला राहवलं नाही. मी मोठ्यांदा म्हटलं,

‘बाबा, मी वर्षभर खालीच होती. रोज. तुमचा फोन ये तवा मी नुकतीच वर आलेली राहो.’

बाबांनी सर्टिफिकेट मामाच्या हातातून घेतलं, खाटेवर ठेवलं, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या घरात चोरी केली आहे. म्हणाले, ‘म्हणजे तू मले वर्षभर फसवलं.’

मी आईकडे बघितलं. एक शब्द तरी बोलेल वाटलं. ती म्हणाली, बापाशी असं करत असतेत का व? मामा म्हणाला, शिकलेल्या पोरी अशाच. पेढे तसेच राहिले आणि माणसं एकेक करून उठली.

आता मी ओव्हरमन आहे, रोज सकाळी माझ्या शब्दावर माणसं आत जातात. बाबा माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं. आणि आमच्या घरात फसवण्याचा विषय निघाला, की तो मी बाबांना फसवल्याचाच असतो. दुसरं काही झालं होतं, असं कोणाला आठवत नाही.