तेरोयची दुसरी काठी

सोतेरो लापिनिद, आमच्या काबुलिहान गावचा नोंग तेरोय, म्हणजे तेरोयदादा, चाळीस वर्षं माडांवर चढून माडी काढायचा. कमरेला कोयता आणि पाठीवर बांबूचं नळकांडं बांधून तो दिवसाला वीस माड चढायचा, पण कधी पडला नाही. पडायला लागला तो माडावरून उतरून घरी बसल्यावर. उजव्या गुडघ्यानं शहात्तराव्या वर्षी सांगून टाकलं, की आता बास.

पहिल्यांदा तो मोरीत पडला, दुसऱ्यांदा चर्चच्या पायरीवर. दोन्ही बातम्या त्याच संध्याकाळी मनिलाला त्याच्या लेकीला, मेर्लिंडाला पोचल्या, कारण गावाच्या हमरस्त्यावर दुकान चालवणारी नांग इसिंग, म्हणजे इसिंगताई, सुकी मासळी, साबण आणि बातम्या सारख्याच तत्परतेनं देते. लेकीनं फोनवर बजावलं, "तातय, तिसऱ्यांदा पडलात तर मी काही ऐकून घेणार नाही. उचलून मनिलाला आणीन."

मनिला म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, तिथे दुसरा कुणाचा तरी म्हातारा बसलेला असतो. तेरोय एकदा आठ दिवस राहून आला होता. त्यानं त्या म्हाताऱ्याला रोज हात केला, त्या म्हाताऱ्यानं एकदाही केला नाही. शिवाय बायकोची कबर इथे. दर सोमवारी तिथे मेणबत्ती लावायची, ती कोण लावणार? तेरोयला मरणाची भीती नव्हती, मनिलाची होती.

तेव्हा काठी घ्यायची ठरली. आता कुणीही शहाणा माणूस काठी घेतो ती टेकायला. पण तेरोय आमच्याकडचा जुना काठीबाज. ज्या हातानं तरुणपणी काठी फिरवली त्या हातानं ती टेकायची, म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार. म्हातारपणासाठी काठी हवी असं तो मेला तरी म्हणाला नसता. तो म्हणाला, "स्वसंरक्षणासाठी हवी."

कुणापासून, असं कुणी विचारलं नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. नांग इसिंगच्या दुकानातून सुकी मासळी चोरीला जायला लागली तेव्हा तिनं राखणीला एक हंस पाळला. नर, पांढरा, मानेची लांबी हातभर. नाव कापितान. चोर गेले, कापितान राहिला. तो साऱ्या गावाला जाऊ देतो, फक्त तेरोय दिसला की मान जमिनीला लावून फिस्कारत येतो आणि नेमका उजवा गुडघा धरतो. दुखरा कुठला हे त्याला कसं कळतं, देव जाणे. तेरोयचं घर आणि चर्च यांच्या मधोमध ते दुकान. दुसरी वाट समुद्राच्या वाळूतून, आणि वाळूत पाय घोट्यापर्यंत रुततो असं तेरोयच म्हणायचा.

चांगली काठी बाहीची, म्हणजे ताडाच्या खोडाच्या बाहेरच्या कठीण, काळ्या लाकडाची. वेत हलका, सागवान फुटतं. बाहीची काठी पंचक्रोशीत एकच माणूस करतो, नोंग एमोन. आणि एमोनच्या अंगणात तेरोयनं पंचावन्न वर्षांत पाऊल टाकलेलं नव्हतं.

त्याची कथा अशी. तेरोयचे गुरू एका काठीचे. एक हात, एक काठी, बाकी सगळा देखावा, असं शिकवणारे. एमोनचे गुरू दोन काठ्यांचे. गावच्या उत्सवात, कोंबड्यांच्या झुंजीच्या मैदानात, दोघांची गाठ पडली. तेरोयच्या फटक्यानं एमोनच्या डाव्या हातातली काठी उडाली, ती थेट पलीकडे चुलाण्यावर उकळणाऱ्या पातेल्यात, आणि पाद्रीसाहेबांच्या पांढऱ्या झग्यावर बकऱ्याचा रस्सा सांडला. सामना तिथेच थांबला. तेरोय म्हणाला, याची काठी पडली, मी जिंकलो. एमोन म्हणाला, माझी एक पडली तरी एक हातात आहे, तुझी पडली असती तर तू काय केलं असतंस? या प्रश्नाचं उत्तर तेरोयला तेव्हा सुचलं नाही, पुढे पंचावन्न वर्षं सुचलं नाही, म्हणून त्यानं एमोनशी बोलणंच सोडलं.

पण मनिलापुढे काय करणार? अडला हरी. तो एका मंगळवारी एमोनच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

एमोन बाकावर बसून वल्ह्याचा दांडा तासत होता. दांडा पायांच्या बोटांत धरलेला, उजव्या हातात सुरी, डावा हात विजारीच्या खिशात. काम करतानासुद्धा हा डावा हात खिशात ठेवतो, किती ही मिजास, असं तेरोयच्या मनात आलं. एमोननं वर न बघता विचारलं, "चालायला की मारायला?"

"दोन्हीला."

"मापं वेगळी असतात. चालायची मनगटापासून जमिनीपर्यंत. मारायची काखेपासून तळहातापर्यंत. मधे वीतभराचा फरक आहे."

तेरोयनं काखेचं माप घ्यायला सांगितलं. त्याच्या गुरूंनी प्रत्येक चेल्याची काठी काखेपासूनच मोजली होती, आणि गुडघ्याच्या सोयीसाठी गुरूंचं माप बदलायचं म्हणजे काय? एमोननं दोरीचं एक टोक त्याच्याच काखेत खुपसून धरायला लावलं, दुसरं तळहाताशी आणलं आणि गाठ मारली. एका हातानं आणि दातांनी. तेही मिजाशीतच गेलं.

चार दिवसांनी काठी आली. काळीभोर, तेलपाणी केलेली, हवेत फिरवली की गुणगुणणारी. फक्त तेरोयच्या मांडीपर्यंत पोचणारी. ती टेकून चालायचं तर कमरेत काटकोन करावा लागे. पहिल्याच सकाळी तो असा वाकून रस्त्यानं निघाला तेव्हा दोन बायकांनी विचारलं, काय पडलं नोंग? काही पडलं नाही, असं तो ठसक्यात म्हणाला, पण वाकलेल्या माणसाच्या ठसक्यावर कोण विश्वास ठेवतो. बायका शोधायला लागल्या. मग तीनचाकीवाला थांबला, त्याचे उतारूही उतरले. एकाला खरोखरच कुणाची तरी कानातली रिंग सापडली आणि ती तेरोयचीच असा आग्रह झाला.

त्या गर्दीत कापितान आला.

तेरोयला पाहताच त्यानं मान जमिनीला लावली. तेरोयनं काठी उचलली, डोक्यावरून तिरका, पहिला घाव, पंचावन्न वर्षं मुरलेला. आणि ज्या क्षणी काठी वर गेली त्या क्षणी तेरोय खाली आला. साधी गोष्ट होती. ज्या काठीवर उभे आहोत तीच उचलली तर उभं राहायला उरतं काय? एवढा साधा हिशोब साऱ्या आयुष्यात त्याला कधी करावा लागला नव्हता.

पडलो तरी नाक वर. धुळीत बसल्या बसल्या तो नांग इसिंगला म्हणाला, "मी पडलो नाही. बसलो."

नांग इसिंगनं गुडघा चावणाऱ्या कापितानला बाजूला ओढलं आणि विचार केला. मनाची ती वाईट नाही. "बरं नोंग, ह्या खेपेला बसलात. पण येत्या शनिवारी उत्सवाला मेर्लिंडा येतेय. तिच्यादेखत बसलात तर मी काही करू शकत नाही."

मग सुरू झाली तयारी. तेरोयनं आखूड काठी एमोनला परत देऊन मनगटाच्या मापाची करून आणली. चालणं सरळ झालं, पण उचलली की तोल गेलाच. त्यानं कापितानला भात टाकून बघितला. कापिताननं भात खाल्ला, मग गुडघा धरला. त्यानं गुडघ्याला नारळाचं अर्धं सोडण, म्हणजे काथ्याचं साल, बांधलं. कापितान सोडणाच्या वर चावला. लांबून दरडावून पाहिलं, तर नांग इसिंग म्हणाली की कापितानला तुमचा आवाज आवडतो, तो आता पहाटेपासूनच वाट बघतो.

शुक्रवारी तेरोय पुन्हा एमोनच्या बाकासमोर उभा होता. काय झालं ते एमोनला कळलेलंच होतं.

"काठीत खोट नाही," एमोन म्हणाला. "एक टेकायला लागते, एक मारायला. तुला दुसरी हवी."

तेरोयच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन काठ्या घेऊन गावातून चालायचं, एमोनच्या गुरूंसारखं? तो वळून अंगणाच्या फाटकापर्यंत गेला. फाटकापाशी त्याला मनिलाच्या खिडकीतला म्हातारा आठवला. तो परत आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "दे."

एमोननं बाकाखालून काठी काढली. तयार होती. पहिलीच्याच खोडातली. मी नेहमी जोडीनंच कापतो, म्हणाला. तेरोयनं पैशाचं विचारलं तर त्यानं मान हलवली. त्याची किंमत वेगळी होती. नांग इसिंगच्या दुकानापुढे, चार माणसांत, तेरोयनं तोंडानं म्हणायचं, की एक काठी पुरत नाही.

"त्यापेक्षा मनिलाला जाईन."

"जा की. काठी तरी घेऊन जा."

काठी घेऊन तेरोय गेला, पण शब्द देऊन गेला नाही. रात्रभर त्यानं स्वतःला समजावलं, की काठी वापरणं वेगळं आणि बोलून दाखवणं वेगळं.

शनिवारी सकाळी हमरस्त्यावर बस थांबली. दुकानाच्या बाकावर उत्सवाची सगळी मंडळी होती, टोकाला एमोन, डावा हात खिशात. मेर्लिंडा खाली उतरली तेव्हा तिचा बाप रस्त्याच्या मधोमध उभा होता, सरळ, दोन्ही हातांत काठ्या, आणि समोरून कापितान पंख पसरून येत होता. तेरोयनं डावी काठी रोवली. उजवी वर गेली. तिरकी खाली आली आणि कापितानच्या डोक्यापासून बोटभर अंतरावर थांबली, तसूभर हलली नाही. कापितान थांबला. त्यानं काठीकडे एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या डोळ्यानं, आणि वळून दुकानामागे गेला. आयुष्यात एवढा सुंदर घाव तेरोयनं मारला नव्हता. आणि तो उभा होता.

पण लेकीनं घाव बघितलाच नाही. तिनं काठ्या मोजल्या. तिचा चेहरा पडला. "तातय, दोन काठ्या? दुसरा पायही गेला? आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही." ती नांग इसिंगकडे अशी बघायला लागली की नांग इसिंग साबणाच्या वड्या मोजायला लागली. "चला. उद्याच्या बोटीची तिकिटं काढते."

तेरोय अडकला. दुसरा पाय धडधाकट आहे म्हणावं तर दोन काठ्या कशाला, हे सांगायला हवं. बाकावर सगळे बसलेले. एमोन समुद्राकडे बघत होता, मुद्दाम.

"इंदाय, पाय एकच गेलाय," तेरोय म्हणाला. "ही डावी टेकायला. ही उजवी त्या हंसासाठी." "एक काठी पुरत नाही."

बाकावर कुणीतरी हातातला पेला खाली ठेवला. एक बहिरा म्हातारा शेजाऱ्याला विचारायला लागला, काय म्हणाला, आणि शेजाऱ्यानं ते त्याच्या कानात ओरडून सांगितलं, म्हणजे तेरोयला ते दोनदा ऐकावं लागलं. मेर्लिंडाला त्यातलं काही कळलं नाही. तिनं बापाला रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यायला लावलं, डावा पाय दाबून बघितला, कापितानलाही बघितलं. शेवटी म्हणाली, ठीक आहे, पुढच्या उत्सवापर्यंत बघू. तेरोयला इतकं बरं वाटलं की त्यानं तिला गर्दीतच मिठी मारली, काठ्यांसकट.

एमोन हसेल, टोमणा मारेल, म्हणून तो दिवसभर वाट बघत होता. एमोन उत्सवाचं जेवण जेवला आणि घरी गेला. सोमवारी लेक बसमध्ये बसून गेल्यावर तेरोय मेणबत्त्या घेऊन निघाला, तर एमोन वाटेत काठी टेकून उभा. मीही येतो, म्हणाला, माझीही बायको तिथेच आहे. दुकान मागे पडल्यावर त्यानं काठी काखेत धरली आणि उजव्या हातानं आपला डावा हात खिशातून बाहेर काढला. काढला म्हणजे मनगटाला धरून वस्तूसारखा उचलून काढला. बोटं मिटलेली, निर्जीव.

"तीन वर्षं झाली झटका येऊन," एमोन म्हणाला. "सून सोडली तर कुणाला माहीत नाही. दोन काठ्यांवाला म्हणून मान आहे गावात, आणि मी तीन वर्षं एकीवर आहे."

पंचावन्न वर्षांनी तेरोयच्या हाती उत्तर आलं होतं. दुकान शंभर पावलांवर, बाक भरलेला, बहिराही असणार. त्याच्या तोंडाला पाणीही सुटलं. मग त्याला ते खिशातलं तीन वर्षांचं ओझं दिसलं, आणि ज्याला आपण मिजास म्हणालो ते काय होतं ते कळलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"सांगणार गावाला?" एमोननं विचारलं.

"सांगून काय करू. खिशात ठेव तो, वारा लागेल," तेरोय म्हणाला आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन चालायला लागला. "आणि काठी पडली तर घाबरू नको. माझ्याकडे दोन आहेत."

त्या सोमवारी दोन म्हातारे तीन काठ्या टेकत दफनभूमीत गेले.