भाचीच्या मापाच्या बांगड्या

सोनपेठच्या बाजारातली ती कासारीण मला एकदाच भेटली. बाईचा हात नुसता बघून माप सांगायची.

माझी वीस वर्षांची भाची स्वमग्न आहे. परक्याने हात धरलेला तिला सोसत नाही. तिच्या आईला, माझ्या वहिनीला, वाटतं, उपचार घेऊन तिने चारचौघींसारखं व्हावं. मी म्हणते, ती आजारी नाही, वेगळी आहे. म्हणून त्या दिवशी कासारणीकडे मी मोठ्या मापाच्या बांगड्या मागितल्या, तिला स्वतःच सहज घालता येतील अशा. वहिनी म्हणाली, "धरा हात. सवय व्हायला पायजे."

कासारणीने दोघींचंही ऐकलं नाही. "ढिली बांगडी घालाया सोपी, ताई, पण हात खाली केला की गळून फुटती. मापाचीच घालू द्या, तिची तिला. येळ लागला तर लागू द्या."

तिने सहा बांगड्या आणि साबणाचं पाणी भाचीपुढे ठेवलं, खोळंबलेल्या बायकांना बसवून ठेवलं.

अर्ध्या तासाने सहाही बांगड्या मनगटात होत्या. बांगड्या भरल्या की कासारणीला नमस्कार करतात. भाची मात्र हात कानाशी नेऊन बांगड्या वाजवत राहिली. वहिनीने तिला खुणावलं. "राहू दे," मी म्हणाले.

कासारीण भाचीकडेच बघत होती. म्हणाली, "पोचला मला नमस्कार."